शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीत लव्हेंडर तेलाचा फवारा: सहा आठवड्यांचा अनुभव

आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्राडोर कुत्रीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर तिला सहा आठवडे फारसे हलू द्यायचे नव्हते आणि तिची तगमग पाहवत नव्हती, म्हणून पशुवैद्यांना विचारून लव्हेंडर तेलाचा सौम्य फवारा आणला. तो तिच्या अंगावर न मारता अंथरुणाच्या एका कडेच्या कापडावर दिवसातून एकदाच मारत असू, कारण कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते आणि वास नकोसा झाला तर तिला तोंड फिरवता आले पाहिजे.

आठवडाभरात ती संध्याकाळी लवकर पहुडू लागली. कारप्रवासात लव्हेंडरच्या वासाने कुत्री शांत बसतात, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 32 कुत्र्यांवरील अभ्यासातही दिसले होते. जखम मात्र टाके, वेदनाशामके आणि व्यायाम यांनीच भरली. त्याचे श्रेय मी या बाटलीला देणार नाही.

माझा खरा आक्षेप वेष्टनावरील मजकुराला आहे. तेलाचे प्रमाण कुठेच दिलेले नाही, आणि सोबतच्या टी ट्री तेलाच्या छोट्या बाटलीवर ‘नैसर्गिक, म्हणून सुरक्षित, थेट त्वचेवर लावा’ असे छापले आहे. निर्भेळ टी ट्री तेल त्वचेतून शोषले गेले किंवा चाटले गेले, तर कुत्र्याला अशक्तपणा येतो, अंग थरथरते, चाल लटपटते. ती बाटली मी न उघडताच परत केली. घरात मांजर असेल तर हा फवाराही घेऊ नये, कारण तिच्या यकृताला अशा तेलांमधील अनेक घटक नीट बाहेर टाकता येत नाहीत.