योकोहामाची ठसाचित्रे, सांगलीची छपाई

सांगलीच्या बाजारपेठेतील एका छपाई व फ्रेमिंगच्या दुकानातून मी गेल्या महिन्यात दोन जपानी ठसाचित्रांच्या, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या, प्रती करवून घेतल्या. एक चित्रकार उतागावा सादाहिदेचे १८६१ सालचे पाचपानी चित्र, ज्यात पाश्चात्त्य व्यापारी जपानमधील योकोहामा बंदराच्या धक्क्यावर मालाची ने-आण करीत आहेत. दुसरे योशितोराचे एकपानी. फाइली एका परदेशी संग्रहालयाने सर्वांसाठी खुल्या केलेल्या आहेत.

पहिला नमुना चकचकीत कागदावर निघाला आणि पाण्याचा निळा रंग डोळ्यांवर येऊ लागला. मूळ छपाई तुतीच्या सालीच्या कागदावर, हाताने घासून होत असे. तो मऊपणा चकाकीत उरत नाही, असे सांगताच दुकानदारांनी अधिक पैसे न मागता मॅट कागदावर पुन्हा छापून दिले. पाच पानांचे सांधे तर इतके नेमके जुळवले आहेत की जहाजाची फळी एका पानावरून दुसऱ्यावर जाताना कुठेही तुटत नाही.

तक्रार दुसऱ्या चित्राची आहे. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार, बसवताना वरच्या कोपऱ्यातील अक्षरांची चौकट झाकली गेली. दुकानदारांना ती शोभेची वाटली असावी, पण या चित्रांचा अर्धा अर्थ तिथेच असतो. १८५९ मध्ये योकोहामा परदेशी व्यापाराला खुले झाल्यावर एदोतील, म्हणजे आजच्या टोकियोतील, प्रकाशकांनी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड आणि रशिया या पाच देशांच्या माणसांची चित्रे झपाट्याने बाजारात आणली. सादाहिदेने बंदर बारकाईने न्याहाळले होते. अनेकांनी मात्र पाश्चात्त्य सचित्र साप्ताहिकांतील कोरीव चित्रांवर भिस्त ठेवली. त्यामुळे स्त्रियांच्या घेरदार झग्याची चूण अन् चूण आणि कोटाची बटणे मन लावून काढलेली दिसतात, पण उंच नाक, दाढी आणि तांबूस केस एवढ्यावरच चेहरा भागवलेला असतो. इंग्रज कोण आणि रशियन कोण हे नुसत्या चेहऱ्यावरून ठरवणे कठीण; ते सांगते ती कोपऱ्यातील चौकट. विष्णुदास भाव्यांच्या गावात वाढलेल्याला हे परके वाटू नये, कारण आपल्या जुन्या रंगभूमीवरही पात्र ओळखायचे ते आधी वेशावरून. म्हणूनच या चित्रांना परदेशी माणसांची चेष्टा समजणे मला अन्यायाचे वाटते. चित्रकारांना ठाऊक होते तेवढे त्यांनी अपार कुतूहलाने आणि जीव ओतून काढले.

हे समजावून सांगितल्यावर दुकानदारांनी फ्रेम उघडली, दोन दिवसांत रुंद खिडकीचा माउंट बसवला आणि पैसे फक्त नव्या माउंटचे घेतले. काम देताना ‘चित्राच्या चारही कडा पूर्ण दिसाव्यात’ असे पावतीवर लिहून घ्यावे. छपाईसाठी मी पुन्हा याच दुकानात जाईन. पुढच्या खेपेस सादाहिदेचेच आणखी एक चित्र न्यायचे ठरवले आहे.