आठ महिने एआयवालं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरलं, लग्नाच्या कामात काय जमलं काय नाही

मी खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात लग्नं शूट करून एडिट करतो, सुरवात एडिअस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर केली. मागच्या दिवाळीत पीसी बदलला, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि एआय फीचरवालं सॉफ्टवेअर घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, हे टूल आता थोड्याफार फरकानं सगळ्यांकडं आलेत, नाव घेतलं की चर्चा भलतीकडंच जाते.

सगळ्यात जास्त फायदा मास्किंगला, म्हणजे चित्रातला एकच भाग वेगळा पकडून तेवढ्याचाच रंग सुधारायला. एका कल्याण मंटपात जांभळे एलईडी लावलेले, नवरीचा लाल शालू पार वांगी रंगाचा दिसत होता. पूर्वी ८ सेकंदाचा शॉट म्हणजे सेकंदाला २५ च्या हिशोबानं २०० फ्रेम, मास्क सरकवत बसायचं, मान मोडून जायची. आता शालूवर एक रेघ ओढली की सॉफ्टवेअर तो पदरासकट पकडतं, नवरी वळली तरी सोडत नाही, फक्त गजऱ्यापाशी जरा हातानं पुसून घ्यावं लागतं. व्हिडिओचे रंग सुधारायचं दाविंची रिझॉल्व्ह एकेकाळी मोठ्या स्टुडिओतलं महागडं मशीन होतं, २००९ ला ब्लॅकमॅजिकनं ते बनवणारी कंपनी घेतली आणि आज त्याचं फुकट व्हर्जन गावातला पोरगाही उतरवून घेतो, हा बदल मला लई मोठा वाटतो.

आता आवाजाचं सांगतो, इथं माझीच चूक झाली. मंगलाष्टकाच्या रेकॉर्डिंगमधी जनरेटरची घरघर होती म्हणून नॉइज काढायचं टूल पूर्ण १०० वर ठेवलं. भटजींचा आवाज इतका स्वच्छ आला की मी खूश होऊन तसाच एक्सपोर्ट मारला. नंतर बघतो तर शेवटच्या "सावधान" नंतर सनई, ताशा, टाळ्या एकदम सुरू होतात ना, ते सगळं गायब. अक्षता पडताहेत, माणसं हसताहेत, आणि सगळं मुकं. ते टूल बोलणं तेवढं ठेवून बाकीचं काढायलाच बनवलंय, त्याला सनई आणि जनरेटर सारखेच. आता मी सावधानला क्लिप कापतो, आधीच्या भागाला ४० च्या आसपास ठेवतो आणि पुढं मूळ आवाज तसाच सोडतो.

चेहरे ओळखून क्लिपा वेगळ्या लावणारं फीचर पण आहे. बाशिंग बांधलेला नवरा आणि रिसेप्शनचा कोटातला नवरा असे दोन वेगळे माणूस करून ठेवले त्यानं, हळदीतला तिसराच. तरी पाहुण्यांच्या क्लिपा शोधायला उपयोग होतो, नाही म्हणणार नाही. पण हायलाइट त्याच्यावर सोडू नका बघा. ते शार्प, उजेडातले, हसरे शॉट उचलतं. कोपऱ्यात खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसणारी आजी अंधारात होती, शॉट जरा हललेला, ते चार सेकंद मीच शोधून घातले आणि घरच्यांनी तेवढंच परत परत लावून बघितलं. कुणाचं नातं काय हे शूटच्या दिवशी तिथं असलेल्यालाच ठाऊक.

ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा सॉफ्टवेअरनं लिहून दिलेला मजकूर, वाचून एडिट करायची सोय प्रीमियर आणि रिझॉल्व्ह या दोन्ही सॉफ्टवेअरमधी २०२३ ला आली. इंग्रजी मुलाखत असेल तर काम झटक्यात होतं, वाक्य खोडलं की टाइमलाइनवरची क्लिप पण कापली जाते. आमच्याकडं मात्र आजी पाहुण्यांना कन्नडमधी "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) विचारते आणि त्याच दमात माझ्याकडं वळून "तू जेवलास काय रे". माझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत मराठी नाहीच, हिंदी लावून बघितलं तर काहीच्या काही शब्द आले.

एका लग्नाला ९-१० दिवस लागायचे ते ५-६ वर आलंय हे खरं. पण पार्टीला हे कळलं की पहिलं वाक्य "मग रेट कमी करा की", तिथं मी ऐकत नाही, वाचलेले दिवस मी क्लिपा नीट बघण्यात घालतो आणि तेच खरं काम आहे. कार्ड ८ जीबीच्या खालचं असेल तर माझ्या मते घाई करू नका, मास्क लावला की मेमरी फुल्ल होऊन अडकत बसतं.

मराठी-कन्नड एकत्र कळणारं काही कुणाला सापडलं असेल तर जरूर सांगा. जूनमधलं एक लग्न अजून टाइमलाइनवर आहे, दोन्हीकडच्या आज्यांचं बोलणं मी हेडफोन लावून हातानं लिहून घेतोय.