मार्कलिनचे २८.२ सेंटीमीटरचे डबे: १०३ इंजिनामागे जुळतात का?

पश्चिम जर्मनीच्या रेल्वेचं १०३ हे इंजिन मॉडेल रेल्वेची हौस असलेल्या बऱ्याच जणांकडे एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या १:८७ प्रमाणात, असतं. लाल-क्रीम रंग, दोन्ही टोकांना गोलसर नाक, सहा धुऱ्या आणि २०० किलोमीटरचा वेग. प्रश्न येतो तो त्याच्यामागे काय जोडायचं हा. मार्कलिन या जर्मन मॉडेल-रेल्वे कंपनीचे २८.२ सेंमीचे डबे सहज मिळतात, रंगकाम आणि अक्षरछपाई नेटकी आहे, त्यामुळे बहुतेक जण तेच घेतात. ते घ्यावेत का, हे ठरवताना लांबी आणि काळ या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

आधी लांबी. खरा डबा २६.४ मीटरचा, आपल्या एलएचबी डब्यापेक्षाही दोन-अडीच मीटर लांब. १:८७ मध्ये तो ३०.३ सेंमी व्हायला हवा. मार्कलिनने उंची-रुंदी १:८७ चीच ठेवली आणि लांबी मात्र १:९३.५ ने काढली, म्हणून २८.२. खिडक्यांची संख्या पूर्ण आहे, फक्त प्रत्येक खिडकी जराशी अरुंद. एकटा डबा हातात घेतला तर ही ७ टक्क्यांची काटछाट कळत नाही. कळते ती इंजिन जोडल्यावर. खरं इंजिन १९.५ मीटरचं, म्हणजे पूर्ण मापात २२.४ सेंमी. प्रत्यक्षात डबा इंजिनाच्या १.३५ पट लांब, इथे १.२६ पट. त्यामुळे इंजिन थोडं दांडगं वाटतं. मार्कलिनच्याच जुन्या २७ सेंमीच्या डब्यांपुढे तर ते फारच अंगावर येतं, ते या इंजिनाला लावू नयेत.

छोटे डबे घेतले की जागा वाचते, असं सर्रास सांगितलं जातं. दहा डब्यांचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, इंजिनासकट ३.०४ मीटर होतो, पूर्ण मापाचा ३.२५. फरक २१ सेंमीचा, म्हणजे एका डब्याहून कमी. तेवढ्यासाठी हे डबे घेण्यात अर्थ नाही. त्यांचा खरा फायदा वळणावर आहे. रोको किंवा पिको या दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवर ३६ सेंमी त्रिज्येच्या आसपासचं वळण आणि त्याच्या बाहेरचं वळण यांत जेमतेम ६२ मिमी अंतर असतं. ३०.३ सेंमीच्या डब्याचं टोक आतल्या वळणावरून साधारण १५ मिमी बाहेर झुकतं, बाहेरच्या वळणावरच्या डब्याचा मध्य १४ मिमी आत येतो आणि डब्याची रुंदी सुमारे ३२.५ मिमी. बेरीज ६२. समोरासमोर आलेल्या दोन गाड्या घासतात, आणि घासल्यावर आधी तुटतात त्या पायऱ्या आणि दरवाज्याच्या दांड्या. २८.२ च्या डब्यांत हीच बेरीज ५८ च्या आसपास येते आणि गाड्या सुटतात. मार्कलिनच्या सी-ट्रॅक या रुळांवर आतल्या दोन वळणांत ७७.५ मिमी अंतर असल्यामुळे तिथे दोन्ही लांबीचे डबे एकमेकांजवळून जातात. तेव्हा ज्यांची वळणं ५५ सेंमीच्या पुढची आहेत त्यांनी पूर्ण लांबीचेच डबे घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. एकाच रेकमध्ये दोन्ही लांबी मिसळू नयेत. शेजारच्या खिडक्यांची रुंदी लगेच खटकते.

आता काळ. इथेच आवड आणि वास्तव यांची ओढाताण होते, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका दिसतात. लाल-क्रीम इंजिन, मागे लाल-क्रीम डब्यांची एकसारखी रांग, मध्येच निळा-बेज डबा आला की “विजोड” म्हणून काढून टाकायचा. पण तो विजोड रेकच खरा होता. १९७१ मध्ये इंटरसिटी ही शहराशहरांमधली वेगवान गाडी सुरू झाली ती फक्त पहिल्या वर्गाची, तेव्हा एकरंगी लाल-क्रीम गाडी बरोबर. १९७९ च्या उन्हाळी वेळापत्रकापासून दुसरा वर्ग जोडला गेला. पहिल्या वर्गाचे आणि खानपानाचे डबे लाल-क्रीमच राहिले, दुसऱ्या वर्गाचे आले समुद्री निळ्या आणि बेज रंगात. १०३ ला मात्र तो निळा रंग कधी दिला नाही. म्हणजे ऐंशीच्या दशकात लाल इंजिनामागे दोन रंगांचा रेक, ही रोजची गाडी होती.

पाच डब्यांत ती अशी बसते: इंजिनामागे एक एव्हीएमझेड (पहिला वर्ग, कंपार्टमेंट), मग डब्ल्यूआरएमझेड (खानपान), मग तीन बीएम २३५ (दुसरा वर्ग). सात डबे असतील तर पहिल्या वर्गाचा मोकळ्या बैठकीचा एपीएमझेड आणि दुसऱ्या वर्गाचा बीपीएमझेड वाढवावा. खानपान डबा दोन वर्गांच्या मध्येच हवा, टोकाला नको. एकरंगी गाडीच आवडत असेल तर हौस सोडायची गरज नाही, फक्त काळ १९७१ ते ७९ धरावा आणि इंजिनही त्याच काळाचं निवडावं: चौकोनी, दोन बाजूंनी मुडपणारे पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारे छतावरचे सांगाडे), बफरांभोवतीचं आवरण आणि पुढची खालची झालर शाबूत. १९७९ नंतरच्या रेकला एकदांडी पेंटोग्राफचं इंजिन शोभतं. क्रमांक २१६ ते २४५ ची इंजिनं २०.२ मीटरची, चालकाची केबिन लांब. मॉडेल घेताना क्रमांक पाहिला की हे कळतं. छतावर काचेचा घुमट असलेला डबा सर्वांनाच मोहात पाडतो. राइनगोल्ड या जर्मनीच्या आलिशान गाडीत तो १९७६ पर्यंतच होता, म्हणून निळ्या डब्यांच्या रेकमध्ये त्याला जागा नाही. डब्याच्या खालच्या पट्टीवर बारीक अक्षरांत तपासणीची तारीख छापलेली असते. विकत घेण्याआधी भिंगातून ती वाचावी, दुकानदाराच्या खोक्यावरच्या शब्दापेक्षा ती खरी.

जोडणीतल्या अडचणी वेगळ्या. मार्कलिनची चाकं इन्सुलेट केलेली नसतात, कारण त्यांची पद्धत तीन रुळांची. दोन रुळांच्या डीसी मांडणीवर हा डबा ठेवला की थेट शॉर्टसर्किट. प्रत्येक डब्याचे चारही धुरे बदलावे लागतात. धुऱ्याची टोकापासून टोकापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजूनच नवे मागवावेत. किंचित लांब असले तर चाक जड फिरतं आणि पाच डब्यांतच इंजिन घसरायला लागतं. कपलिंगचे खोबणीचे माप सगळ्यांचं सारखं असलं तरी जवळून जोडणारी डोकी कंपनीगणिक वेगळी, म्हणून पूर्ण रेकला एकाच कंपनीची लावावीत. उलटसुलट वळण येत असेल तर दोन वळणांच्या मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ रूळ ठेवावा. नाहीतर जवळ जोडलेले लांब डबे एकमेकांना कोपऱ्यातून ढकलतात, आणि गाडी मागे ढकलताना हमखास रुळावरून उतरतात. आतले दिवे लावायचे तर वीज घेणारी पट्टी एकाच डब्याखाली बसवून पुढे वीजवाहक कपलिंग वापरावं, प्रत्येक डब्याखाली पट्टी घासत नेऊ नये.

आणि खानपान डब्याच्या छतावर पेंटोग्राफ आहे म्हणून तो वर करून गाडी पळवू नये. इंजिन जोडलेलं नसताना स्वयंपाकघराला वीज मिळावी म्हणून तो होता. धावत्या गाडीत तो खालीच हवा.