अकरा रात्री, एक खोली आणि दडपे पोहे

कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये काही महिने, भारतातून ब्रिटनला येणाऱ्यांना आधी सरकारने ठरवलेल्या हॉटेलात विलगीकरणात राहावं लागे, त्याची ही हकीकत. हॉटेलचं नाव देत नाही. देऊन उपयोगही नाही, कारण ते आपल्याला निवडता येतच नव्हतं. सरकारी साइटवर पॅकेज विकत घ्यायचं आणि लंडनच्या विमानतळावरून बस जिथे नेईल तिथे उतरायचं. मी २० मे २०२१ ला उतरले.

एप्रिलच्या सुरुवातीला सांगलीला गेले तेव्हा भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे कोरोनाचा सर्वाधिक धोका मानलेल्या देशांत, नव्हता. १९ एप्रिलला जाहीर झालं, २३ च्या पहाटे चारपासून रेड. तेव्हा बाबा ऑक्सिजनवर होते, त्यामुळे धावतपळत परत यायचा विचारही केला नाही. रेड म्हणजे गेल्या दहा दिवसांत तुम्ही त्या देशात असाल, तर ब्रिटिश-आयरिश नागरिक किंवा इथे राहायचा हक्क असलेल्यांनाच दार उघडं होतं, तेही हॉटेलमार्गे. अंबरवाले, म्हणजे मध्यम धोक्याच्या देशांतून आलेले, दहा दिवस आपापल्या घरी बसायचे, पाचव्या दिवशी पदरचे पैसे भरून केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर लवकर सुटायचे. ग्रीनवाल्यांना, म्हणजे कमी धोक्याच्या देशांतून आलेल्यांना, उतरल्यावर दुसऱ्या दिवसाची टेस्ट, बस्स.

एका माणसाचे तेव्हा १,७५० पौंड, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या वर. त्याच खोलीत आणखी एक मोठं माणूस असेल तर ६५० जास्त, ५ ते १२ वर्षांच्या मुलाचे ३२५. यात बस, खोली, जेवण आणि दुसऱ्या-आठव्या दिवसाच्या टेस्ट आल्या. निघण्याआधीची ७२ तासांतली टेस्ट वेगळी, ती तुमची तुम्ही. दहा दिवस म्हणायचे पण उतरल्याचा दिवस शून्य धरायचे, म्हणून अकरा रात्री. सुट्टी मागताना हा हिशोब मी चुकवला.

खरा राग विमानतळावरचा. पासपोर्टच्या रांगेत तीन तास उभी होते. दोरीच्या पलीकडे पोर्तुगालहून आलेलं एक कुटुंब, नाकं उन्हाने लाल झालेली, पण देश ग्रीन! त्यांच्यात आणि आमच्यात हातभर अंतर. रंग वेगळे, रांग एकच. मग एवढं वर्गीकरण केलं कशासाठी? पुढे १ जूनपासून रेडवाल्यांसाठी वेगळं टर्मिनल उघडलं म्हणे. पोर्तुगालही ८ जूनला अंबर झालं.

खोली स्वच्छ होती, वायफाय चांगलं. खिडकी उघडत नाही. फिरायला गार्डबरोबर पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं, तेही वहीत नाव लिहून. आमच्या मजल्यावरचा गार्ड पंजाबी होता. पाऊस येणार असेल तर आधीच दार वाजवून सांगायचा, "दीदी, अभी चलो."

जेवण तपकिरी पिशवीत. दार वाजतं, आपण मास्क लावून उघडेपर्यंत वाजवणारा गायब. 'इंडियन व्हेज' म्हणजे गार भात आणि गोडसर पिवळी आमटी, सोबत लाकडी काटा. चौथ्या दिवशी तीच आमटी पुन्हा आली तेव्हा आईने कोंबलेल्या पिशव्या उघडल्या. पातळ पोहे, सुकं खोबरं, तळलेले शेंगदाणे, मेतकूट. नवऱ्याला फोन करून लिंबू, मिरच्या, कांदा आणि प्लास्टिकची सुरी मागवली. तो स्लाउला, गाडीने वीस मिनिटांवर. पार्सल रिसेप्शनवरून वर यायला तीन तास लागले. कपातच सगळं कालवलं, वर बशी झाकली आणि दडपायला वजन म्हणून फॉर्मांची जाडजूड फाईल ठेवली. त्या फाईलचा प्रवासात झालेला हा एकमेव उपयोग.

रविवारी लेक बापाबरोबर खाली पार्किंगमध्ये आली. मी चौथ्या मजल्यावर. ती भलत्याच खिडकीकडे बघून हात हलवत होती. फोनवरून 'अगं डावीकडे, डावीकडे' सांगण्यात पाच मिनिटं गेली.

टेस्टचं किट दाराशी ठेवायचे, घशा-नाकातला नमुना आपणच घ्यायचा. माझ्या दोन्ही निगेटिव्ह आल्या. पॉझिटिव्ह आली तर मुक्काम वाढायचा, तेव्हा औषधं मोजून अकरा दिवसांचीच आणून चालायचं नाही.

खोलीला तीन तारे, जेवणाला एक. विमानतळाच्या रांगेला शून्य. आणि पोहे पातळच आणा, जाडे किटलीच्या पाण्यात चिखल होतात.