नोकरी सोडून एमबीए की नोकरी सांभाळून?

पुण्यात आयटीत तीन-चार वर्षं काढली की एमबीएचा विषय निघतोच. करावं की करू नये यावर भरपूर बोललं जातं, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे ते कसं करायचं: नोकरी सांभाळून, की राजीनामा देऊन दोन वर्षं पूर्णवेळ? मी दोन्ही अनुभवलंय. एक सत्र संध्याकाळच्या वर्गाला गेलो, मग सीईटी देऊन पूर्णवेळ प्रवेश घेतला.

हिशेब मांडला तर नोकरी सांभाळून करणं सरस दिसतं, आणि त्यात खोटं काही नाही. पगार चालू राहतो, घराचा हप्ता चुकत नाही. पूर्णवेळ करणाऱ्याने फीसोबत दोन वर्षांचा बुडालेला पगारही धरायला हवा, आणि तोच बरेच जण धरत नाहीत. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होतो खरा, पण व्याज आधीपासूनच चढत असतं. त्या व्याजावर आयकरात मिळणारी वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. राज्याच्या सीईटीतून, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, पुम्बासारख्या (पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग) विद्यापीठाच्या विभागात जागा मिळाली तर फीचा भार खासगी संस्थांच्या मानाने बराच हलका होतो. तरीही बुडालेला पगार बुडालेलाच.

मला नडली ती वेळ. हिंजवडीहून शिवाजीनगरला संध्याकाळी पोहोचण्याचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेगळं काय लिहायचं. पण वर्ग भरायचा साडेसहाला, आणि उन्हाळ्यात नेमके तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात. क्लायंट कामावर येण्याची आणि आपली वर्गात बसण्याची वेळ एकच. सर फळ्यावर खेळत्या भांडवलाचं, म्हणजे धंद्यात रोज फिरणाऱ्या पैशाचं, गणित मांडतायत आणि माझ्या एका कानात लीड विचारतोय, ‘तो डिफेक्ट रिओपन का झाला?’ उठून व्हरांड्यात जायचं, दहा मिनिटं बोलायचं, परत येईपर्यंत फळा पुसलेला. माझ्याच रांगेत असे आणखी तीन-चार जण होते. ग्रुप असाइनमेंट रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कशीबशी जोडली जायची. शिकवणारे चांगले होते, सोबतची मुलंही हुशार होती, पण दिवसभर काम करून आलेल्यांना एकमेकांशी वाद घालायला त्राण उरत नसे. आणि एमबीएत निम्मं शिक्षण त्या वादातच होतं, असं मला तरी वाटतं.

पूर्णवेळची जी गोष्ट मला मोलाची वाटते ती म्हणजे पहिल्या वर्षानंतरची दोन महिन्यांची इंटर्नशिप. आमच्या संध्याकाळच्या वर्गाला ती नव्हती. नोकरी चालू असताना दोन महिने दुसरीकडे जाणार कसं? मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. तिथले स्टोअर्स सांभाळणारे काका मला रॅकवरून बोट फिरवून धूळ दाखवायचे. म्हणायचे, ‘सिस्टिमला हा माल चालू दिसतो. याला कुणी हात लावलाय का, बघ.’ खेळतं भांडवल अडकतं म्हणजे काय, ते मला त्या धुळीत समजलं. पुढे मुलाखतीत निम्मा वेळ त्याच डेड स्टॉकवर बोलणं झालं, आणि टेस्टिंगमधून मी सप्लाय चेनच्या कामात आलो. संध्याकाळच्या वर्गातले माझे मित्र पास झाले, काहींना बढतीही मिळाली, पण बहुतेकांचं काम तेच राहिलं.

बढतीच हवी असेल, कंपनीत तुमच्यावर भरवसा असलेला मॅनेजर असेल आणि पदवीअभावीच गाडी अडली असेल, तर नोकरी सोडायचं कारण मला दिसत नाही. घरी लहान मूल आणि एकट्याचाच पगार असेल तर पूर्णवेळचा आग्रह मी धरणार नाही. शनिवार-रविवारचे वर्ग संध्याकाळच्या वर्गापेक्षा नक्कीच सुसह्य पडत असावेत. आणि ज्यांना कोडच लिहायचाय त्यांनी दोन्हींच्या वाटेला जाऊ नये, असं आपलं माझं मत.

पण कामच बदलायचं असेल आणि घरचा खर्च दोन वर्षं निभावण्यासारखा असेल, तर मी पूर्णवेळच्या बाजूने आहे. फक्त सरासरी पॅकेजच्या आकड्यावर कॉलेज ठरवू नका. दोन-चार मोठ्या ऑफर ती सरासरी वर ओढतात, म्हणून पॅकेजच्या यादीत बरोबर मधोमध असलेल्या विद्यार्थ्याला काय मिळालं ते विचारा. त्याहीपेक्षा, गेल्या दोन बॅचमधल्या तुमच्यासारखाच अनुभव असलेल्या मुलांना गाठा. त्यांना कुठलं काम मिळालं, ते काम त्यांनी मागितलेलं होतं का, आणि इंटर्नशिप कॉलेजने मिळवून दिली की त्यांनी स्वतः शोधली, हे त्यांच्याच तोंडून ऐका. हे सगळं राजीनामा टाकण्याआधी.