ओलेसुंद: फार्मसिस्टने बघितलेलं औषधांचं दुकान

नॉर्वेला जाणारे बहुतेकजण फ्योर्ड (डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाड्या) बघतात आणि ओलेसुंदला बंदरावर फोटो काढून जहाजात परततात. माझं ऐका, युगेंडस्टील सेंटर या संग्रहालयासाठी दोन तास राखून ठेवा.

ही इमारत म्हणजे १९०७ सालचं ‘स्वान फार्मसी’ हे औषधांचं दुकान. मी स्वतः फार्मसिस्ट, सांगलीत काउंटरमागे आयुष्य गेलं. त्यामुळे बाकीचे पर्यटक जिना आणि वरच्या मजल्यावरचं जेवणघर बघत होते, तेव्हा मी खाली लाकडी कोरीवकामाचे खण न्याहाळत उभा. असं फर्निचर आज करून घ्यायचं म्हटलं तर दुकान विकावं लागेल!

२३ जानेवारी १९०४ च्या आगीत गावातली सुमारे ८५० घरं जळाली, दहा हजार माणसं ऐन थंडीत उघड्यावर आली. मृत्यू मात्र एकच. पुढच्या तीनेक वर्षांत गाव दगडविटांनी नव्याने उभं राहिलं, आर्ट नूवो शैलीत, म्हणजे वेलीफुलांच्या वळणदार नक्षीच्या; युगेंडस्टील हे तिचंच नाव. ही हकीकत सेंटरमध्ये छान मांडली आहे. ती आधी बघा, मग गल्ल्यांत फिरा. दारांवरची नक्षी, मनोरे जास्त कळतात.

शेजारच्या जुन्या बँकेत ‘कुबे’ हे कलादालन आहे. समकालीन कला मला झेपत नाही, बायकोला आवडली.

मासेमारीचं संग्रहालय १८६१ च्या लाकडी वखारीत आहे, आगीतून वाचलेल्या. आक्स्ला टेकडीच्या ४१८ पायऱ्या गुडघे धड असतील तरच चढा, वरपर्यंत गाडीरस्ता आहे.