स्लो हॉर्सेस की डिपार्टमेंट क्यू? एकच धरायची असेल तर

ह्या दोन वेबसिरीजपैकी कुठली आधी बघू असं हल्ली बरेच जण विचारतात आणि प्रश्न रास्त आहे, कारण लांबून बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हीकडे एक तुसडा, तोंडाळ, हुशार साहेब, दोन्हीकडे कोणालाच नको असलेली माणसं गोळा करून अडगळीत टाकलेलं ऑफिस, दोन्हीकडे वरच्या मजल्यावरचे गोडबोले बॉस आणि बाहेर कायम पावसाळी ब्रिटन. दोन्ही पुस्तकांवरून काढलेल्या. मी दोन्ही बघितल्यात, दोन्हींची पुस्तकंही थोडीफार वाचलीत, आणि दोन्ही चांगल्या आहेत हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी अंगावर येऊ नये.

कोणी कुठलं काम केलंय, किती भाग आहेत, रेटिंग काय, हे तुम्ही बघितलेलं असणारच, त्यामुळं त्यात शिरत नाही. पैशाचं एका ओळीत सांगतो. डिपार्टमेंट क्यू नेटफ्लिक्सवर आहे, जे बहुतेकांच्या घरी कोणाच्या तरी अकाउंटवर असतंच, आणि स्लो हॉर्सेससाठी ॲपल टीव्ही घ्यावा लागतो, जो भारतात 99 रुपये महिन्याने सुरू झाला होता. एक महिना घ्यायचा, सिरीज संपवायची आणि बंद करायचा, एवढंच.

आता ऑफिसं बघू, कारण दोन्हींची खरी मजा तिथंच आहे. स्लो हॉर्सेसमधे लंडनला बार्बिकन स्टेशनजवळ आल्डर्सगेट स्ट्रीटवर स्लाऊ हाऊस नावाची एक कळकट इमारत आहे, तिथं एमआय फाइव्हमधे, म्हणजे ब्रिटनच्या गुप्तचर संस्थेत, ज्यांनी काहीतरी घोळ घातलाय त्यांना पाठवतात. एकाने गुप्त माहितीची डिस्क ट्रेनमधे विसरली, एकीने पाठलाग करताना माणूस हातचा घालवला, असे लोक. आपल्याकडे गडचिरोलीला बदली म्हणतात ना, तसलाच प्रकार, फक्त इथं बदली त्याच शहरात आहे आणि काम इतकं कंटाळवाणं देतात की माणसाने स्वतःहून राजीनामा द्यावा. डिपार्टमेंट क्यूचं ऑफिस एडिनबर्ग पोलिसांच्या तळघरात, जुन्या शॉवररूममधे. तिथली गंमत वेगळी आहे, जुन्या न सुटलेल्या केसेससाठी सरकारकडून निधी आलाय, तो निधी बाकीच्या खात्याला वापरता यावा म्हणून नावाला एक विभाग काढलाय आणि त्यावर डोक्याला ताप झालेला एक इन्स्पेक्टर बसवलाय. सरकारी ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हे लगेच पटेल, मला तर पहिल्या भागातली ही निधीची भानगड मुख्य गुन्ह्याइतकीच आवडली.

साहेबांची तुलना करायची तर जॅक्सन लॅम्ब आणि कार्ल मॉर्क. लॅम्ब म्हणजे गॅरी ओल्डमन, भोकं पडलेले मोजे, तेलकट केस, समोरच्याच्या तोंडावर वायू सोडणारा आणि तरीही खोलीतला सगळ्यात धोकादायक माणूस. मॉर्क म्हणजे मॅथ्यू गूड, हा अंगाने स्वच्छ आहे पण स्वभावाने तितकाच खवट. पहिल्याच भागात त्याला गोळी लागते, सहकारी हार्डी अधू होतो, एक तरुण पोलीस मरतो, आणि त्या अपराधीपणाचं ओझं तो सिरीजभर वाहतो. अभिनय दोघांचाही उत्तम. पण मला एक फरक सारखा जाणवला. मॉर्क का असा आहे हे सिरीज तुम्हाला समजावून सांगते, समुपदेशक आणलीय, तिच्यासमोर बसवलंय, सावत्र मुलाबरोबरची भांडणं दाखवलीत. लॅम्ब का असा आहे हे कोणी समजावून सांगत नाही, मधूनच एखादं वाक्य येतं आणि तुम्ही गप्प होता. ज्याला पात्राच्या आत शिरायला आवडतं त्याला मॉर्क जास्त जवळचा वाटेल. मला आपला लॅम्ब.

डिपार्टमेंट क्यूच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अक्रम. सीरियातून आलेला, पोलिसांच्या आयटी विभागात अडकलेला, कमालीचा सभ्य, हळू बोलणारा माणूस, आणि मग एका प्रसंगात कळतं की हा तिकडे नेमकं काय करत असावा. ॲलेक्सेई मानव्हेलोव्ह नावाच्या नटाने हे इतकं शांतपणे केलंय की मी पुढचे भाग बऱ्यापैकी त्याच्यासाठीच बघितले. स्लो हॉर्सेसमधे असं एकटं चमकणारं दुय्यम पात्र नाही, तिथं सगळी टोळीच चमकते, कोणी थोडं कोणी जास्त. म्हणजे ह्या खात्यात मी डिपार्टमेंट क्यूला एक मार्क जास्त देईन, प्रामाणिकपणे.

मग माझा काटा कशाने झुकला ते सांगतो. इथून पुढे डिपार्टमेंट क्यूच्या पहिल्या भागाचा शेवट सांगावा लागणार आहे, ज्यांना अगदी कोरं राहायचंय त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडा.

पहिल्या भागात मेरिट लिंगार्ड नावाची सरकारी वकील बाई दिसते, तिचं काम, तिची केस, तिचा आजारी भाऊ, आणि आपल्याला वाटतं हे सगळं मॉर्कच्या गोष्टीबरोबरच चाललंय. शेवटी कळतं की ती चार वर्षांपूर्वी फेरीबोटीवरून गायब झालीय, सगळ्यांनी मेली असं धरलंय, आणि ती जिवंत आहे, एका लोखंडी टाकीसारख्या खोलीत कोंडलेली. भाग म्हणून झकास, मी अक्षरशः वा म्हटलं. पण घोळ इथूनच सुरू होतो. कारण आता आपल्याला माहितीय ती जिवंत आहे, आणि मॉर्क-अक्रमला ते कळायला पुढचे कितीतरी तास लागणार आहेत. म्हणजे तपास चाललाय तो कशाचा, तर आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट शोधायचा. कोणी केलं आणि का केलं हे कोडं शिल्लक राहतं हे खरं, आणि ते वाईट नाहीये, तिला पकडणारे तिलाच विचारत राहतात की तू इथं का आहेस ते तूच ओळख आणि ती आपल्या जुन्या केसेस एकेक आठवत बसते, ही कल्पना तर भन्नाट आहे. पण दर वेळी तपासाला जरा वेग आला, अक्रमला एखादा धागा सापडला, की कट टू ती खोली. परत तोच अंधार, तीच यातना, तोच आवाज. आमच्या घरी असं व्हायला लागलं की खोली दिसली की बायको उठून ओटा आवरायला जायची आणि तिथूनच ओरडून विचारायची, कळलं का त्यांना अजून? मी नाही म्हणायचो. दोन भागांनंतर मी रिमोटवर दहा-दहा सेकंद पुढे ढकलायला लागलो, आणि थ्रिलर बघताना माणूस पुढे ढकलायला लागला की काहीतरी बिघडलंय असं मला वाटतं.

हे पुस्तकामुळं झालंय असं म्हणता येईल, कारण मूळ युसी आडलर-ओल्सेनच्या 2007 च्या डॅनिश कादंबरीतही ती बाई कोंडलेली आहे हे सुरुवातीलाच कळतं आणि प्रकरणं एकदा तिची एकदा तपासाची अशी जातात. पण पुस्तकात तुम्ही तिच्या डोक्यात असता, ती वेड लागू नये म्हणून काय काय करते ते वाचण्यासारखं आहे. पडद्यावर त्याचं फक्त हाल होणारं शरीर उरतं. शिवाय हीच गोष्ट डेन्मार्कवाल्यांनी 2013 च्या सिनेमात शंभरेक मिनिटांत आटोपली होती, कोपनहेगनमधली, निकोलाय ली कास आणि फारेस फारेस हे दोघे, आणि तिथं हा त्रास जाणवतच नाही कारण खोलीत परत परत जायला वेळच नाहीये. नेटफ्लिक्सने स्कॉटलंडला आणून त्याचे नऊ भाग केले. लेखक-दिग्दर्शक स्कॉट फ्रँकसारखा माणूस आहे म्हणून ते नऊही बघवतात, दुसऱ्या कोणाच्या हातात सहाव्या भागातच जीव गेला असता.

तुम्ही म्हणाल स्लो हॉर्सेसच्या पहिल्या सीझनमधेही ओलीस आहेच की. आहे ना, हसन नावाचा पोरगा, स्टँडअप कॉमेडी करायची हौस असलेला विद्यार्थी, त्याला उजव्या टोळक्याने पळवलंय आणि कॅमेऱ्यासमोर मुंडकं उडवायची धमकी दिलीय. त्याची दृश्यंही परत परत येतात. पण तिथं घड्याळ सगळ्यांसाठी एकच चाललंय, तासांचा मामला आहे, स्लाऊ हाऊसची मंडळी आणि आपण साधारण एकाच वेगाने पळतो. आणि दुसरं म्हणजे त्या खोलीतही काहीतरी घडत असतं, पळवणाऱ्यांची आपापसात भांडणं, त्यांच्यातला एक वेगळाच निघणं, हसनचं घाबरून का होईना पण बोलणं. एकदाही पुढे ढकलावंसं वाटलं नाही. बायकोही बसून होती, म्हणजे बघा.

आणखी एक, हे जरा छोटं पण मला महत्त्वाचं. स्लो हॉर्सेसच्या पहिल्या पाचांतला प्रत्येक सीझन सहा भागांचा, एका पुस्तकाचा, आणि गोष्ट तिथं संपते. डिपार्टमेंट क्यू मुख्य केस सोडवते, पण मॉर्कला गोळी कोणी घातली हा प्रश्न पहिल्या दृश्यापासून टांगलेला, तो शेवटीही तसाच टांगलेला. दुसरा सीझन जाहीर झालाय, तेव्हा पुढे सोडवतील म्हणा.

स्लो हॉर्सेसमधे सगळं आलबेल आहे असंही नाही. पाचवा सीझन, जो 2025 च्या सप्टेंबरात आला, तो मला जरा फुसका वाटला. रॉडी हो ह्या आगाऊ कॉम्प्युटरवाल्याला अचानक देखणी गर्लफ्रेंड मिळते आणि सगळं प्रकरण तिथून उलगडतं, विनोद भरपूर पण भीती कमी. चौथा मात्र जमलाय, स्लाऊ हाऊसमधल्या रिव्हर ह्या तरुण हेराच्या आजोबांना, जे स्वतः जुने गुप्तहेर, विसरभोळेपणाने ग्रासलंय आणि एका हेराच्या डोक्यातली गुपितं गळायला लागली तर काय, हा धागा जॉनाथन प्राइसने फार सुंदर पेललाय. तिसरा सगळ्यात वेगवान. संवादांचं श्रेय विल स्मिथला, ऑस्करमधे थोबाडीत मारणारा तो नव्हे, हा इंग्लिश विनोदी लेखक, ह्याला 2024 मधे स्लो हॉर्सेसच्या लेखनाचा एमी मिळाला. पाचव्यानंतर तो सोडून गेलाय, त्यामुळं पुढच्याची मला थोडी धाकधूक आहे. सहावा आणि सातवा दोन्ही ठरलेत, सहाव्यात दोन पुस्तकं एकत्र करणार आहेत.

पुस्तकांचं म्हणाल तर इथं माझ्या मते तुलनाच होत नाही, पण मी पक्षपाती असेन. स्लो हॉर्सेसचा लेखक मिक हेरन, त्याची गंमत म्हणजे 2010 मधे पहिलं पुस्तक आलं तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही, दुसरं छापायला ब्रिटनमधल्या प्रकाशकाने नकार दिला आणि त्याच दुसऱ्याला 2013 मधे गोल्ड डॅगर मिळाला, जो तिकडे गुन्हेगारी कादंबरीचा सगळ्यात मानाचा. 2025 मधे त्याला डायमंड डॅगर दिला, म्हणजे जीवनगौरवच, आणि त्याच वर्षी मालिकेतलं नववं पुस्तक क्लाऊन टाऊन आलं. त्याची वाक्यं तिरकी असतात, एखाद्या पुस्तकाची सुरुवात तर चक्क एक मांजर स्लाऊ हाऊसच्या खोल्याखोल्यांतून फिरतंय अशी कल्पना करून होते आणि तेवढ्यात तुम्हाला सगळी माणसं कळतात. इंग्रजी जरा अवघड आहे हे मान्य, टोमणे सुटतात पहिल्यांदा वाचताना. आडलर-ओल्सेन इंग्रजी भाषांतरात सरळ, पटापट वाचून होतो, प्रवासात उत्तम. ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो त्यांनी क्यू घ्यावं, ह्यात वाद नाही.

सबटायटल्स दोन्हीला लावाच. स्कॉटिश उच्चार माझ्या तर डोक्यावरून गेले, आणि ओल्डमन तोंडात खाणं भरून बोलतो.

तर कोणी काय घ्यावं? तुम्हाला एकच मोठी केस, सावकाश, माणसांच्या जखमांसकट बघायची असेल आणि कोंडलेल्या बाईची दृश्यं सहन होत असतील तर डिपार्टमेंट क्यू बघा, अक्रमसाठी तरी बघा. सासू-सासऱ्यांबरोबर बसणार असाल तर दोन्ही नको, एकीत हाल आहेत आणि दुसरीत शिव्या आणि लॅम्बचं पोट. बाकी कोणी मला फोन करून विचारलं की शनिवार-रविवार मोकळा आहे काय लावू, तर मी स्लो हॉर्सेसचा पहिला सीझन सांगतो. सुरुवातीची मिनिटं विमानतळावरची, तेवढी फोन बाजूला ठेवून बघा, पुस्तकात तोच प्रसंग किंग्ज क्रॉस स्टेशनात आहे आणि तिथं गोंधळ आणखी मजेशीर घातलाय. आवडली तर पाचव्या सीझनपर्यंत जा, मग त्याच हेरनच्या सगळ्यात पहिल्या कादंबरीवरची डाऊन सेमेटरी रोड आहेच तिथंच, एमा थॉम्पसन आणि रुथ विल्सनची, ऑक्सफर्डमधली. ती मी अजून अर्धीच बघितलीय, पण एमा थॉम्पसनची ती डिटेक्टिव्ह लॅम्बची चुलतबहीण शोभावी अशी आहे.